ऐकणे म्हणजे वापर नव्हे

२ जानेवारी

प्रिय कलमबाई,

तुझं पत्र पोचलं. आई विचारतात, मी फोन का उचलत नाही. त्यांना सांग की मी बरी आहे, दोन वेळा जेवते, दुकानात जाते आणि कुणावर रागावलेली नाही. खरं कारण तुला एकटीला सांगते, त्यांच्यापर्यंत नेऊ नकोस, उगाच रडत बसतील.

तुझा दादा गेल्यापासून मला फोनवर दुसऱ्या कुणाचा आवाज सोसवत नाही. समोर माणूस असला की काही वाटत नाही. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलते, शेजारणीशी तासभर गप्पा मारते. पण फोन कानाला लावला की कान त्याचीच वाट बघतो, आणि पलीकडून भलतंच कुणी बोललं की मी फोन खाली ठेवते. शेवटी जूनमध्ये फोन बंद करून कपाटात टाकला. वेड लागलंय म्हण हवं तर. तू आपली पत्र लिहीत जा.

त्याची ती बोलवही आठवते ना? लिफ्टची कामं करताना हात ग्रीसने माखलेले, लिहिणार कसा, म्हणून घेतलेली. तो कामावर फोनमध्ये बोलायचा आणि ते घरच्या टॅबवर येऊन बसायचं. जूनमध्ये मी ती पहिल्यांदा उघडली. सहाशे बारा नोंदी आहेत, कलमबाई. मी रोज एक ऐकते, एकच. दुकानातून आल्यावर पाय धुते, चहा ठेवते, तो उकळेपर्यंत टॅब पुसते आणि मग ऐकते. काल दोनशेवी झाली. "बी विंग, दुसरी लिफ्ट, सहाव्या मजल्यावर दार घासतंय, रोलर बदलायला हवा. आणि बल्ब आणायचाय, घरातला, लिफ्टमधला नाही." एवढंच. पण अजून चारशेवर नोंदी अशा आहेत की ज्या मी ऐकल्याच नाहीत. म्हणजे रोज संध्याकाळी माझा नवरा मला काहीतरी नवीन सांगतो. किती बायकांचे जिवंत नवरे एवढं करतात?

आता कामाचं. गेल्या आठवड्यापासून वर एक पिवळी पट्टी येते, 'हे खाते निष्क्रिय आहे'. मी रोज ऐकते, मग निष्क्रिय कसं? मला वाटलं नुसतं बसून ऐकते म्हणून रुसली असेल, म्हणून मीच एकदा बोलून बघितलं. म्हटलं, "अहो, मी आहे इथे." तर वही म्हणते, "आवाज ओळखला नाही." तिचं तरी काय चुकलं म्हणा.

त्या कंपनीचे कागद तूच केले होतेस ना? म्हणून तर त्यानं ती वही घेतली. "बहिणीनं बांधलेलं घर आहे, गळणार नाही," म्हणायचा. त्या पट्टीचं जरा बघ.

तुझी
वहिनी

---

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

यापुढे या पत्रात 'वहिनी' म्हणजे तीच, जी माझ्या कॉलेजच्या दिवसांत स्वतःच्या डब्याआधी माझा डबा भरायची. बघ, सवय जात नाही. ऑफिसात दिवसभर हेच चालतं. आधी सगळ्या शब्दांचे अर्थ ठरवून टाकायचे, म्हणजे पुढे भांडायला जागा नको. दादा म्हणायचा, तुझं लग्न ठरलं तर पहिली रात्र 'नवरा' शब्दाच्या व्याख्येत जाईल. ठरलंच नाही, त्यामुळे तो नवरा वाचला.

फोनचं आईला मी सांभाळून घेते. तिला म्हटलंय की तुझा फोन बिघडलाय. तिनं विचारलं, सात महिने? मी म्हटलं, हल्ली सुटे भाग मिळत नाहीत.

पट्टीचं मी बघते. त्याची काळजी तू करू नकोस. तुझं ऐकणं चालू ठेव. फक्त एक सुचवू का? रोज एकाऐवजी दहापंधरा ऐकल्यास तर? सुट्टीच्या दिवशी पन्नासही होतील. असं थेंब थेंब कशाला? मला आपलं वाटलं.

आईचे गुडघे तसेच. मी ठीक.

तुझी
कलमबाई

---

१० जानेवारी
ऑफिसमधील टिपण

साहेब,

'बोलवही'च्या करारातली एक व्याख्या बदलावी, अशी विनंती आहे. पाच वर्षांपूर्वी ती मीच लिहिली होती. सध्या ती अशी आहे: "'वापर' म्हणजे नोंदणीधारकाने स्वतःच्या आवाजात केलेली नवी नोंद. केवळ ऐकणे म्हणजे वापर नव्हे." आणि कलम एकोणीस म्हणतं की सलग बारा महिने वापर झाला नाही, तर खात्यातल्या सगळ्या नोंदी कायमच्या पुसल्या जातील.

यंत्रं लावून खाती नुसती उघडी ठेवणाऱ्यांना अडवायचं म्हणून तेव्हा हे शब्द घातले. पण नोंदणीधारक मरण पावला आणि घरचे लोक त्याच्या नोंदी ऐकत असले, तर त्यांच्या डोळ्यांदेखत त्या पुसल्या जातील. हा विचार माझ्याकडून राहिला. 'वापर' या शब्दात ऐकणेही यावे, एवढाच बदल आहे. दोन ओळींचं काम आहे.

*(त्याच कागदावर, साहेबांच्या अक्षरात:)*

मुद्दा बरोबर. कंपनीबरोबरची बैठक २० फेब्रुवारीला आहे, तेव्हा मांडू. आणि 'दोन ओळींचं काम' असं काही नसतं, बाई. व्याख्या एकमेकींना धरून असतात. एक हलवायची तर बाकीच्या सगळ्या पुन्हा वाचा.

---

१९ जानेवारी

प्रिय कलमबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि ठेवून दिलं. चार दिवस उत्तर लिहावंसं वाटेना.

रोज पन्नास ऐक म्हणतेस. म्हणजे लवकर संपव आणि मोकळी हो, असंच ना? दुकानाचे मालक म्हणतात, मन दुसरीकडे गुंतवा. शेजारीण म्हणते, टॅब कपाटात ठेवा. तूही त्यांच्यातलीच निघालीस. सगळ्या जगानं सांगितलं असतं तरी चाललं असतं गं, तू नको होतंस.

थेंब थेंब का, ते सांगते. तो गेला त्या दिवशी सकाळी मी घाईत होते. दारातून तो काहीतरी म्हणाला, मी म्हटलं, संध्याकाळी सांग. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या छातीत कळ आली आणि संध्याकाळ झालीच नाही. आता मला रोज एक संध्याकाळ मिळते. ती मी पन्नास पन्नास करून उधळू?

जाऊ दे. राग फार दिवस धरता येत नाही मला, तुला माहीत आहे. आणि परवा दोनशे सोळावी ऐकली, त्यात तू होतीस, म्हणून लिहायला बसले. कुठल्याशा इमारतीत एक म्हातारे गृहस्थ लिफ्टमध्ये शिरून नुसते उभे राहिले म्हणे, बटणच दाबेनात. त्यावरून त्याला आठवलं. म्हणतो, "कलमबाई एकदा जेवताना अडून बसली होती, वापरणारा कुणाला म्हणायचं म्हणून. मी म्हटलं, सोपं आहे. लिफ्टमध्ये बटण दाबतो तो वापरणारा, बाकीचे नुसते उभे असतात ते ओझं, त्यांना आम्ही किलोत मोजतो. तर तिनं ते उष्ट्या हातानं पेन धरून पंजावर लिहून घेतलं. माझं वाक्य आता कायद्याच्या कागदात बसलंय बरं का." आणि मग हसलाय. ते हसू तुला ऐकवायला हवं होतं. घसा खरवडल्यासारखं, शेवटी खोकला येईपर्यंत.

पट्टी अजून आहे. आता लाल झालीय.

तुझी
वहिनी

---

२८ जानेवारी

प्रिय वहिनी,

चुकले. पन्नासचं मी लिहायला नको होतं. तू म्हणतेस तसं माझ्या मनात नव्हतं, पण जे मनात होतं ते मला नीट लिहिता आलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या करारांत एकही शब्द इकडेतिकडे होऊ न देणारी बाई मी, आणि घरच्या पत्रात अशी घसरते. तुला हवं तसं ऐक.

लाल पट्टीची व्यवस्था चालू आहे. वीस फेब्रुवारीला एक बैठक आहे, त्यात सुटेल.

दादाचं ते वाक्य मला आठवतं. पंजावरची शाई दोन दिवस गेली नव्हती. तू त्याच्या हसण्याचं लिहिलंस आणि मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

एक मात्र सांगते, रागावू नकोस. शेजारी दुसरं यंत्र ठेवून त्या नोंदींची प्रत काढून ठेवता आली तर बरं. लोक काढतात. चार दिवसांचं काम आहे.

तुझी
कलमबाई

---

८ फेब्रुवारी

प्रिय कलमबाई,

प्रत कशाला? कागदात तू बसलीयेस ना. चोराच्या भीतीनं कुणी स्वतःच्याच बहिणीला कुलूप लावतं का?

आणि खरं सांगू, प्रत काढायची म्हणजे सगळ्या नोंदी वाजवायच्या. कानात बोळे घालून बसायचं का मी? एखादं वाक्य तरी कानावर पडणारच. मला नको. माझं सगळं ठरलेलं आहे.

काल दोनशे सदतिसावी झाली. हिशेब केला तर शेवटची पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर येते. नोंद ऐकली नसली तरी तिची लांबी बाजूला दिसते. बहुतेक सगळ्या वीस-तीस सेकंदांच्या. शेवटची आहे त्या दिवशीची, चौदा मार्च, सकाळी सव्वानऊ. एक मिनिट चाळीस सेकंद. तुझा दादा एवढं सलग कधी बोललाय का, सांग? लग्नाला होकार दिला तेव्हासुद्धा 'बरं' म्हणाला होता. मी संध्याकाळी सांग म्हटलं होतं, तेच त्यानं नंतर त्यात सांगून ठेवलं असेल, असं मला वाटतं. कदाचित नुसता एखाद्या मोटरचा आवाजही असेल. पण मला ती आहे, एवढं पुरतं. सकाळी उठायला कारण लागतं माणसाला.

दुकानात काल एक बाई आल्या, नवऱ्याचा चष्मा घेऊन. तो गेलाय. म्हणाल्या, याच काचा माझ्या फ्रेममध्ये बसवा. म्हटलं, बाई, नंबर वेगळा आहे, तुम्हाला धूसर दिसेल. त्या म्हणाल्या, दिसू दे. मी बसवून दिल्या. मालक ओरडले, पण मी दिल्या.

आईंना नमस्कार सांग.

तुझी
वहिनी

---

२० फेब्रुवारी
ऑफिसमधील टिपण

बाई, बोलवहीची बैठक पुढे गेली. त्यांचे मुख्य अधिकारी परदेशात आहेत. आता २९ मार्च. एखाद्या खात्यापुरता अपवाद मागता येईल का, असं तुम्ही काल विचारलंत. कुणाचं खातं, ते सांगितलं नाहीत. नाव नसलेल्या खात्यासाठी मी काय मागू?

---

२ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र मी सहा वेळा लिहिलं आणि सहा वेळा फाडलं. हे सातवं मी टपालपेटीशेजारच्या बाकावर बसून लिहिते आहे, म्हणजे फाडायला वेळ मिळणार नाही.

बोलवही पुसली जाणार आहे. सगळ्या नोंदी. बारा महिने त्यात दादाच्या आवाजात नवी नोंद झाली नाही, तर कंपनी त्या पुसणार, असं करारात आहे. दादाची शेवटची नोंद चौदा मार्चची, म्हणजे या चौदा मार्चला वर्ष भरतं. तू रोज ऐकतेस ते त्यात धरत नाहीत. 'केवळ ऐकणे म्हणजे वापर नव्हे.' हे वाक्य माझं आहे, वहिनी. मी लिहिलं. बटण दाबतो तो वापरणारा, बाकीचे ओझं, हे दादाचं बोलणं पंजावर लिहून नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची व्याख्या केली. साहेबांनी शाबासकी दिली होती. माणूस मेल्यावर नवी नोंद कुठून करणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या कागदात माणसं मरत नाहीत, 'वापर थांबवतात'.

हे मला तुझ्या पहिल्या पत्रापासून माहीत होतं. म्हणून पन्नास ऐक म्हटलं, म्हणून प्रत काढ म्हटलं. तेव्हाच सरळ लिहिलं असतं तर जानेवारीतच सगळं वाचलं असतं. नाही लिहिलं. वाटलं, व्याख्याच बदलून घेऊ, म्हणजे तुला कधी कळायलाच नको. आमच्या धंद्यात हीच खोड लागते. काही चुकलं की कागद दुरुस्त करायचा, माणसाकडे जायचं नाही. साहेबांनाही सांगितलं नाही की ते खातं आमच्या घरचं आहे. लाज वाटली. तू लिहिलंस, 'कागदात तू बसलीयेस ना', आणि त्यानंतर तर माझी जीभ पारच लुळी पडली.

आता ऐक. दहा मार्चला मी येते आहे. चार दिवसांची रजा मंजूर झालीय. चांगलं रेकॉर्डिंगचं यंत्र विकत घेतलंय, दुकानदाराकडून दोनदा शिकून घेतलंय. चौदा तारखेआधी पुरे चार दिवस आपल्या हातात आहेत. तू दुसऱ्या खोलीत बस, मी कानाला लावून सगळ्या उतरवून घेते, तुझ्या कानावर एकही शब्द पडू देणार नाही. मग तू पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रोज एक ऐक. धीर धरवत नसेल तर शेवटची आजच ऐकून घे.

दार उघडलं नाहीस तरी मी जिन्यात बसून राहीन.

तुझी
कलमबाई

---

८ मार्च

कलमबाई,

पत्र काल मिळालं. वाचून मी टॅब उशीखाली ठेवला आणि त्यावर हात ठेवून झोपले, वेड्यासारखी.

रागावले. खोटं कशाला बोलू? दोन महिने मी तुला माझ्या संध्याकाळी लिहून कळवत होते आणि तू तिकडे तारखा मोजत होतीस. तुझं ते वाक्य माझ्या मनातून कधी जाईल असं वाटत नाही. पण त्याचंच बोलणं त्याला बाधलं, हे त्याला कळलं असतं तर तो खोकला येईपर्यंत हसला असता. तुला वाचवायलाही तोच आला बघ. सकाळी मला हे सुचलं आणि राग थोडा सैल झाला.

आज दोनशे सासष्टावी ऐकली. "आज काही विशेष नाही." एवढीच, चार सेकंदांची. म्हटलं, असू दे.

शेवटची मी ऐकलेली नाही. काल रात्री बोट त्यावर नेलं होतं. मग वाटलं, तो तुझाही भाऊ होता. तुला त्यानं लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेलंय, तुझी फी भरली, आणि गेला तेव्हा तू पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. तुझ्या वाट्याला तर काहीच आलं नाही. ती आपण दोघी मिळून ऐकू. तू ये. पुढच्या फेब्रुवारीचं राहू दे. तू आलीस की चहा ठेवीन, आपण शेजारी शेजारी बसू आणि ऐकू.

परवा तर येतेस. तोवर मी तिला हात लावत नाही. हे पत्र तुला निघण्याआधी मिळायचं नाही, तरी लिहिलं. लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

दार उघडंच असेल.

वहिनी

---

१६ मार्च

वहिनी,

काल घरी पोचले. तुझं आठ तारखेचं पत्र दाराखालून आत पडलेलं होतं, आईला गुडघ्यांमुळे वाकून उचलता आलं नव्हतं. चप्पल न काढता उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

चार दिवस मी तुझ्या घरात होते आणि तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस. मी आले तेव्हा टेबलाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावलेल्या होत्या, दोन कप होते आणि मधे टॅब. तू माझ्या हातातून पिशवी घेतलीस. 'जड आहे गं,' म्हणालीस, आणि ती कोपऱ्यात ठेवलीस. मग टॅब माझ्याकडे वळवलास. 'या खात्यात नोंदी नाहीत.' आदल्या संध्याकाळी चहा ठेवून तू उघडलास तेव्हाच ते दिसलं होतं, हे तू मला दुसऱ्या दिवशी सांगितलंस, तेही भांडी विसळताना, पाठमोरी.

तू विचारलं नाहीस, म्हणून इथे लिहिते. करारात दुसऱ्याच पानावर आणखी एक व्याख्या आहे. "'महिना' म्हणजे तीस दिवस." तीही माझीच. फेब्रुवारी छोटा, जुलै मोठा, त्यावरून कुणी वाद घालायला नको म्हणून. बारा महिने म्हणजे तीनशे साठ दिवस. चौदा मार्चला वर्ष भरणार होतं, पण बारा महिने नऊ मार्चला भरले. साहेबांनी जानेवारीत लिहिलं होतं, बाकीच्या व्याख्या पुन्हा वाचा. मी वाचल्या नाहीत, माझ्याच होत्या म्हणून. इतरांसाठी महिन्याचे तीस दिवस लिहून ठेवले आणि स्वतःच्या भावासाठी भिंतीवरचं कॅलेंडर बघून मोजलं.

आज मी कंपनीत गेले होते. साहेबांना सगळं सांगितलं, तेच घेऊन गेले. तिथली माणसं चांगली आहेत, एकानं मला पाणी दिलं. पण 'कायमच्या पुसण्यात येतील' असं मी लिहिलं होतं आणि त्यांनी तसंच केलं होतं. कायमच्या.

शेवटची नोंद तू माझ्यासाठी ठेवलीस. एक मिनिट चाळीस सेकंद. सात तारखेला तुझं बोट तिच्यावर होतं आणि तू माझ्यासाठी ते उचललंस. एकदा ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू मला चार दिवस जेवायला वाढत राहिलीस.

कलमबाई

---

३० मार्च

वहिनी,

काल व्याख्या बदलली. पाच मिनिटांत. "'वापर' यात ऐकणेही समाविष्ट आहे." कुणी एक प्रश्न विचारला नाही. मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर नको लिहूस. तुला कळवावं एवढ्यासाठीच.

कलमबाई

---

२२ एप्रिल

प्रिय कलमबाई,

उशीर झाला. लिहायला बसायचे आणि उठायचे.

व्याख्या बदलली हे बरं झालं. कुणाच्या तरी घरची वही राहील. मला त्याचा आनंद व्हायला अजून वेळ लागेल, आत्ता होत नाही, हे तुला सांगून टाकते.

ऐकलेल्या दोनशे सासष्ट मी लिहून काढते आहे, आठवतात तशा. एक शाळकरी वही आणली. एकशे दहापर्यंत आले. शब्द न् शब्द आठवतात, बहुतेक. तो आवाज मात्र कालपर्यंत होता तसा आज लागत नाही. तो 'रोलर' कसा म्हणायचा, ते सकाळपासून आठवतेय. र जरा ओढायचा, एवढंच कळतं. वही झाली की तुला पाठवीन. पुढच्या पानांवर दोनशे सदुसष्टपासून सहाशे बारापर्यंत नुसते आकडे घालते आहे. पानं कोरीच असतील. असू देत.

परवा दुकानाला सुट्टी होती, तर त्याच्या त्या इमारतीत गेले, बी विंगमध्ये. का गेले, माहीत नाही. दुसऱ्या लिफ्टमध्ये शिरले आणि बटण दाबलं नाही. म्हटलं, ओझं होऊन बघू. बराच वेळ तशीच उभी होते. मग वरून कुणीतरी बोलावली आणि ती मला घेऊन वर गेली. सहाव्या मजल्यावर दार उघडलं. घासलं नाही, कलमबाई. जरासुद्धा नाही. रोलर बदलला होता त्यानं. एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, खाली जायचंय का? मी रडत होते, तर त्यांनी मला हाताला धरून खाली आणलं.

रागावले आहे का, ते तू विचारलं नाहीस, पण सांगते. आहे. नऊ तारखेची संध्याकाळ आठवली की तुझ्यावरचा राग पुन्हा उसळतो. तो जाईल असं वचन मी देत नाही. पण दादाबद्दल बोलायचं तर दुसरं आहे कोण? आईंना सोसणार नाही. उरलीस तू. तेव्हा राग असेल आणि तूही असशील, दोन्ही राहील.

आणि पत्रं आता पुरे. हात दुखतो. कपाटातून फोन काढलाय, काल चार्जही केला. आता कानाला कुणाची वाट बघायची राहिली नाही.

रविवारी सकाळी फोन कर. उचलीन. आईंनाही दे.

तुझी
वहिनी